दामोदर हॉल कोणाचा?

लोअर परळला नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला एन. एम. जोशी मार्ग माहीत असतो. कॅब बुक करताना ॲपमध्ये तोच टाकायचा असतो आणि पावसाळ्यात ट्रॅफिकमुळे शिव्याही त्याच रस्त्याला द्यायच्या असतात. मी पाच वर्षं एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत कोड लिहितोय. हे जोशी कोण, असा प्रश्न या पाच वर्षांत मला एकदाही पडला नाही. तो पडला आजोबांमुळे.

नोव्हेंबर २०२३ मधली गोष्ट. परळचं दामोदर नाट्यगृह बंद झाल्याची बातमी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. आजोबा गावी, मालवण तालुक्यात असतात. एरवी व्हिडिओ कॉलवर ते जेवलास का, एवढंच विचारतात. त्या दिवशी त्यांनी थेट विचारलं, "दामोदर बंद केल्यानी म्हणतत, खरा काय रे झिला?"

मी हो म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तो हॉल आमचो होतो."

आजोबा १९५८ साली मुंबईत आले आणि बदली कामगार म्हणून गिरणीत लागले. पुढे साचेखात्यात कायम झाले. संपानंतर गावी परतले ते कायमचे. दामोदरच्या रंगमंचावर त्यांनी कधी काम केलं नाही. ते प्रॉम्प्टर होते. गावच्या मंडळाचं नाटक असलं की पहिली पाळी संपवून, अंगावरचा कापूस झटकून ते विंगेत पुस्तक घेऊन उभे राहायचे. त्यामुळे 'आमचो' हा शब्द ऐकून मी आधी हसलो. एका प्रॉम्प्टरचा हॉल कसा असेल? पण ते गंभीर होते. मग मी शोधायला लागलो. दामोदर हॉल नक्की कोणाचा होता?

आधी रविवार

क्लब असो, वाचनालय असो की नाटक, त्यासाठी सगळ्यात आधी वेळ लागतो, आणि गिरणी कामगाराकडे तोच नव्हता. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतरच्या तीनेक दशकांत गिरण्या वाढल्या, कामाचे तास मात्र उजेड असेपर्यंत चालायचे. आठवड्याची हक्काची सुट्टी हा प्रकारच नव्हता.

ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीतला हा माणूस 'दीनबंधु' चालवायचा. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारची सुट्टी ही त्यांची एक मुख्य मागणी होती आणि जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. आपण सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगमध्ये 'वीकेंड कसा गेला' असं विचारतो, त्यामागे ही मागणी आहे.

दिवसाचे तास कमी व्हायला आणखी वेळ लागला. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. १९२२ च्या कायद्याने दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तास ही मर्यादा घातली. दामोदर हॉल उभा राहिला तोही १९२२ सालीच. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी होणं हा योगायोग असेल. पण कामगाराच्या हातात थोडी संध्याकाळ पडू लागली होती, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न इतरांनाही पडू लागला होता.

जोशी, लीग आणि एक चांगला हेतू

हे 'इतर' म्हणजे मुख्यतः पुण्या-मुंबईचा शिकलेला मध्यमवर्ग. त्यांच्यातलेच एक नारायण मल्हार जोशी, म्हणजे एन. एम. जोशी मार्गवाले. जन्म १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात ते १९०९ मध्ये गेले आणि १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली.

लीगने गिरणगावात काय काय केलं याची यादी मोठी आहे. रात्रशाळा, मोफत वाचनालयं, दवाखाने, सहकारी पतपेढ्या, कायद्याचा सल्ला, व्यायामशाळा, मुलांचे क्लब, सहली, नाटकं. पठाणी व्याजाने पिचलेल्या माणसाला पतपेढी म्हणजे श्वास घ्यायला जागा होती. अंगठा उठवणाऱ्याला रात्रशाळा म्हणजे पगाराच्या दिवशी आकडा स्वतः वाचता येणं. या कामाला चांगला हेतू एवढंच नाव देणं अन्यायाचं होईल.

पण हेतूत एक अढी होती. कामगार संध्याकाळी गुत्त्यावर जातो, जुगार खेळतो, त्याला चांगलं वळण लावायला हवं, ही त्या काळच्या सुधारकांची सर्वसाधारण भूमिका होती. कामगाराला काय हवं आहे, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर यायचा.

आणि इमारतीला पैसा लागतो. हॉलला नाव आहे दामोदर ठाकरसी मूलजी यांचं. ठाकरसी हे गिरणीमालकांचं घराणं. एस.एन.डी.टी. विद्यापीठाच्या नावातल्या 'डी.टी.'चा अर्थही दामोदर ठाकरसी असाच आहे. नाथीबाई त्यांच्या पत्नी. म्हणजे कामगारांच्या हॉलवर नाव गिरणीमालकाचं, कारभार मध्यमवर्गीय संस्थेचा आणि खुर्चीत बसलेला कामगार. आमच्या भाषेत सांगायचं तर कामगार युजर होता, ॲडमिन नव्हता.

जोशींबद्दल मात्र एक सांगायला हवं. हा माणूस वळण लावण्यावर थांबला नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली, त्यात ते होते आणि पुढे बरीच वर्षं तिचे सरचिटणीसही होते. रात्रशाळेपासून निघालेला माणूस युनियनपर्यंत पोचला. कामगारांसाठी काही करता करता कामगारांबरोबर उभं राहायला लागतं, हे त्यांना कळलं असावं.

जे दार उघडं होतं

९ मार्च १९२४. दामोदर हॉलमध्ये एक सभा भरली. बोलावणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, नुकतेच लंडनहून परतलेले बॅरिस्टर. अस्पृश्यांच्या प्रश्नांवर काम करणारी मध्यवर्ती संस्था हवी, हा सभेचा विषय होता. त्यातूनच २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. शिका, चेतवा, संघटित व्हा, हे तिचं ब्रीद. तिचं कार्यालय दामोदर हॉलमध्येच होतं आणि बाबासाहेब तिथे बसून काम करायचे.

याच काळात जवळच्या गिरण्यांमध्ये काय चालू होतं ते पाहा. साचेखात्यात दलित कामगाराला घेत नसत. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा, आणि दलिताच्या तोंडाला लागलेला धोटा आपण कसा लावायचा, असं सवर्ण विणकर म्हणायचे. साचेखात्यात पगार जास्त होता, म्हणजे विटाळाच्या नावाखाली चांगली नोकरीच राखीव ठेवली होती. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला.

आजोबा साचेखात्यात होते. ते लागले तेव्हा काळ बराच बदलला होता. पण ती चांगल्या पगाराची नोकरी आमच्या घरात कशी आली, या साखळीत हेही एक कारण आहे. हे वाचल्यावर मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "असेल." आम्ही दोघंही पुढे बोललो नाही.

गिरणीतलं दार बंद होतं, तेव्हा दामोदरचं दार उघडं होतं, एवढं मात्र खरं.

आमचा खरा क्लब: गाळा

आजोबांना मी विचारलं, दामोदरला नाटक नसेल तेव्हा तुम्ही काय करायचात? त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं, "गाळो."

गिरणगावात 'गाळा' म्हणजे गावकऱ्यांची खोली. लालबागच्या चाळीत एका गावाच्या माणसांनी मिळून घेतलेली. आमच्या गावच्या गाळ्यात आजोबांच्या काळात तीसेक जण राहत. म्हणजे राहत नसत, झोपत. पहिल्या पाळीचे उठले की तिसऱ्या पाळीचे त्याच जागेवर अंग टाकत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर ओळीने खुंट्या, वर फळीवर भजनाच्या टाळांची पेटी. जेवण खानावळीत. खानावळी चालवणाऱ्या बाया हा एक वेगळा लेखच आहे. बहुतेकींचा नवरा गेलेला किंवा आजारी, आणि वीस-पंचवीस माणसांचा रोजचा स्वयंपाक दहा बाय दहाच्या खोलीत.

गाळा म्हणजे नुसती झोपायची जागा नव्हती. प्रत्येकाची महिन्याची वर्गणी असे. त्यातून भाडं जाई. कोणी आजारी पडला तर डॉक्टर, कोणी मेला तर गावी तार आणि पुढचा खर्च. गावातल्या शाळेचं छप्पर आणि देवळाची घंटा या वर्गणीतूनच झाली. हिशेबाची वही दर रविवारी सगळ्यांसमोर वाचली जायची. कोणी दारू पिऊन दंगा केला तर मंडळ त्याला बाहेर काढायचं. नियम त्यांचे आणि पैसेही त्यांचेच.

हा कामगारांचा खरा क्लब होता. फक्त त्याला इमारत नव्हती, एक खोली होती. त्या खोलीत नाटक बसवता यायचं, पण करता येत नव्हतं. त्यासाठी दामोदर होता. दशावतार बघत वाढलेली कोकणातली माणसं तालीम चाळीच्या गच्चीत करायची आणि प्रयोग दामोदरला. घाटावरची मंडळी आपला तमाशा, लेझीम घेऊन यायची. शिमगा, गणपती, वार्षिक संमेलन, सगळ्यांना तीच जागा. कामगार रंगभूमी म्हणून आपण जे म्हणतो ते असं उभं राहिलं. १९८० साली आलेलं 'वस्त्रहरण' गावकऱ्यांनी बसवलेल्या नाटकाचीच फजिती दाखवतं. ते बघताना आजोबा हसून हसून रडले होते म्हणे. त्यातला प्रत्येक गोंधळ त्यांनी विंगेतून पाहिला होता.

गिरणगावाकडे अशा दोन अर्ध्या गोष्टी होत्या. सभासदांच्या मालकीचा, पण इमारत नसलेला क्लब म्हणजे गाळा. आणि इमारत असलेला, पण सभासदांच्या मालकीचा नसलेला क्लब म्हणजे दामोदर.

दोन्ही अर्धे एकत्र असतील तर?

याचं उत्तर मला योगायोगाने माहीत होतं. २०२२ मध्ये मी आठ महिने ऑनसाइट होतो, उत्तर इंग्लंडमधल्या एका जुन्या कापडाच्या गावात. तिथल्या टीममधला एक सहकारी एका शुक्रवारी मला 'वर्किंग मेन्स क्लब'मध्ये घेऊन गेला. लाल विटांची दुमजली इमारत, आत बार, स्नूकरचं टेबल, छोटं स्टेज आणि भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो. त्याचे आजोबाही गिरणीत होते. त्या वेळी मी फक्त बिअर स्वस्त आहे एवढंच पाहिलं. दामोदरबद्दल वाचू लागल्यावर ती जागा पुन्हा आठवली.

या क्लबांची सुरुवात दामोदरसारखीच आहे. १८६२ साली हेन्री सॉली नावाच्या धर्मोपदेशकाने या क्लबांची मध्यवर्ती युनियन काढली. हेतू तोच, कामगाराला दारूच्या गुत्त्यापासून सोडवून पुस्तकांकडे आणायचं. पैसा आणि पाठिंबा सरदार-उमरावांचा. क्लबमध्ये बिअरला बंदी. पण कामगार यायचे ते चार घटका बसायला, भाषण ऐकायला नाही. काही वर्षांतच बिअर आली. बिअरच्या विक्रीतून क्लब स्वतःच्या पायावर उभे राहिले, त्यामुळे देणगीदारांची गरज संपली. १८८४ पर्यंत युनियनचा कारभार सभासद क्लबांनी आपल्या हातात घेतला होता. १९७० च्या दशकात असे सुमारे चार हजार क्लब होते. अनेकांच्या इमारती त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या.

म्हणजे तिथे दोन्ही अर्धे एकत्र आले. पण मग सगळं छान झालं का? तसंही नाही. सभासदांच्या मालकीचा क्लब म्हणजे दारात कोणाला घ्यायचं हेही सभासदच ठरवणार. अनेक क्लबांनी काळ्या आणि आशियाई कामगारांना आत घेतलं नाही. १९७४ मध्ये असं एक प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं आणि निकाल क्लबच्या बाजूने लागला. १९७६ चा कायदा आला तेव्हा ती पळवाट बंद झाली. स्त्रियांना युनियनमध्ये बरोबरीचे हक्क मिळाले २००७ साली. मी तिथे बसून बिअर पीत होतो, ते दार माझ्यासारख्यासाठी नेहमीच उघडं नव्हतं.

आणि आमचा गाळा? आजोबांना मी विचारलं, आपल्या गावच्या बौद्धवाडीतली माणसं गाळ्यात होती का? "त्यांची खोली वेगळी. डिलाइल रोडच्या चाळीत." डिलाइल रोड म्हणजे आजचा एन. एम. जोशी मार्ग. गावाचं नाव एक, गिरणी एक, भोंगा एक, खोल्या दोन. आणि आजी? ती सगळी वर्षं गावी शेती बघत होती. दामोदरचं स्टेज तिने कधीच पाहिलं नाही.

म्हणून मला आता वाटतं, दामोदरचं मोठेपण आणि दुबळेपण एकाच कारणातून आलं. तो कोणत्याही एका गावाचा, जातीचा, युनियनचा नव्हता म्हणून सगळ्यांना जागा मिळाली. बाबासाहेबांच्या सभेला मिळाली आणि आमच्या मंडळाच्या नाटकालाही. आणि तो त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता, म्हणून प्रश्न जमिनीचा झाला तेव्हा त्यांचा शब्द कागदावर कुठेच नव्हता.

मग जमीन महाग झाली

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मागे घेतल्याचं औपचारिकपणे कधी जाहीरच झालं नाही, तो विरत गेला. आजोबा दीड वर्ष वाट पाहून गावी गेले. नंतर १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, २००१ च्या बदलाने ती रुंद केली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. पुढचं आपण सगळे बघतोच. माझा पगारही त्याच जमिनीवरून येतो.

दामोदर त्यातूनही बराच काळ टिकला. नाटकं चालू राहिली. कामगार कमी झाले, पण त्यांची मुलं, नातवंडं येत राहिली. २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी नाट्यगृह बंद झालं. नाट्यकर्मी आणि गिरणगावातल्या रहिवाशांनी विरोध केला. आधी आमच्या नाट्यगृहाची तितकीच जागा द्या, मग पाडा, असं त्यांचं म्हणणं. प्रकरण सरकारपर्यंत गेलं.

इथे कोणाला खलनायक करणं सोपं आहे, पण मला ते करायचं नाही. शंभर वर्षांच्या जागेला डागडुजी लागते आणि मुंबईत ती फुकट होत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. शंभर वर्षं हजारो लोकांनी ती जागा वापरली, स्टेज झाडलं, खुर्च्या मांडल्या. पण त्यांना कधी कोणी सभासद केलं नाही, आणि त्यांनीही ते मागितलं नाही. विरोध करायला ते उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे होत्या त्या फक्त आठवणी.

भाडेपावती

जानेवारी २०२४ मध्ये आजोबा मुंबईत आले. आमच्या गावकरी मंडळाची वार्षिक सभा २६ जानेवारीला असते. आधी मी त्यांना दामोदरला घेऊन गेलो. गेट बंद होतं. ते बाहेर उभे राहून पाहत होते. मला वाटलं ते भावुक होतील. ते म्हणाले, "विंग उजवीकडची अरुंद होती. वाकान उभा रव्हाचा लागायचा." बस, एवढंच.

मग आम्ही लालबागला गाळ्यावर गेलो. आता तिथे फक्त चार मुलं राहतात, दोघं डिलिव्हरीचं काम करतात, दोघं स्पर्धा परीक्षेची तयारी. ट्रंका गेल्या, खुंट्या आहेत. चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. सभेत तोच विषय होता. खजिनदारांनी प्लास्टिकच्या पिशवीतून जुन्या भाडेपावत्या काढल्या. पावत्या मंडळाच्या नावावर होत्या. त्यामुळे नव्या इमारतीत मंडळाला भाडेकरू म्हणून जागा मागता येणार आहे. तीस माणसांनी पाळीपाळीने झोपून, रुपया-रुपया गोळा करून जो कागद मिळवला होता, तो आज बोलत होता.

मी हात वर केला आणि विचारलं, नवी जागा मिळाली तर बौद्धवाडीतली मुलं आणि गावातल्या मुंबईत शिकणाऱ्या मुली तिथे राहू शकतील का? खोलीत शांतता पसरली. एक काका म्हणाले, "बघू, पुढच्या सभेत घेऊ." दुसरे काही तरी पुटपुटले. आजोबा काहीच बोलले नाहीत.

सभा संपल्यावर खजिनदारांनी वही माझ्यापुढे सरकवली. सभासद व्हायचं तर वर्गणी भर, मग पुढच्या सभेत विषय मांड, म्हणाले. आजोबांनी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं, आणि प्रॉम्प्टरच्या सवयीने हळूच, मलाच ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "नाव स्पष्ट लिही."